‘तू पण त्यांच्यातलीच’ म्हणून उठून गेलेल्या पेशंटशी बोलायचं कसं?

पत्र: ताई, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सध्या सरकारी मनोरुग्णालयात पोस्टिंग चालू आहे. एमएसईचा (मेंटल स्टेटस एक्झॅमिनेशन, म्हणजे पेशंटच्या मानसिक स्थितीची तपासणी) फॉर्मॅट घेऊन मी पंचविशीतल्या एका मुलाला ओळीने प्रश्न विचारायला लागले. आज तारीख काय, आवाज ऐकू येतात का, वगैरे. पाच-सहा प्रश्नांतच तो उठला, ‘तू पण त्यांच्यातलीच’ म्हणाला आणि निघून गेला. शेजारी आपल्या पाण्यात काहीतरी मिसळतात असं त्याला वाटतं. त्याचं ऐकून घेतलं तर भ्रम पक्का होईल आणि खोडून काढलं तर चिडेल, मग करू काय? महिला वॉर्डात एक मावशी आहेत. मला ‘लेक’ म्हणतात, माझ्याकडून वेणी घालून घेतात. भाऊ दिवाळीला न्यायला येणार आहे, असं सगळ्यांना सांगतात. सिस्टर म्हणतात, त्या कित्येक वर्षं हेच सांगतायत. पोस्टिंग पुढच्या आठवड्यात संपतंय आणि त्या माझा मोबाइल नंबर मागतायत. देऊ का? शिवाय माझी फाइल अर्धीच भरलीय.
— तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

फाइलचं आधी सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. एमएसईचा फॉर्मॅट हा लिहिण्याचा क्रम आहे. दिसणं, वागणं, बोलणं, मूड, विचार, भास, मग ओरिएंटेशन (वेळ, जागा, माणसं यांचं भान), लक्ष, स्मृती, जजमेंट आणि शेवटी इनसाइट (आपल्याला आजार आहे याची जाण). वाचणाऱ्या डॉक्टरला हवं ते चटकन सापडावं म्हणून तो तसा लावलाय. त्याच क्रमाने विचारायचंही असतं, असं कुठेच म्हटलेलं नाही. तरी दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुली क्लिपबोर्ड घेऊन पेशंटसमोर बसतात. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, कुठल्याही मनोरुग्णालयात जा, जुन्या पेशंटना हे प्रश्न तोंडपाठ झालेत. लक्ष तपासायला शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात; मी नुसतं ‘शंभरातून’ म्हटलं तर एक काका म्हणाले होते, “त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. पुढचं पण सांगू की सही करताय?” आता यावरून त्यांच्या लक्षाबद्दल मी काय लिहायचं? त्यांच्या विनोदबुद्धीबद्दल मात्र पानभर लिहिता आलं असतं.

उद्या सकाळी वॉर्डात चहा येतो तेव्हा कागद बाजूला ठेवून नुसती उभी राहा. तुझा तो मुलगा रांगेत येतो की मागे भिंतीला पाठ लावून थांबतो? कप हातात आल्यावर वास घेतो का? शेजारच्याने घोट घेईपर्यंत वाट बघतो का? उकाड्यात स्वेटर चढवलाय का? नखं, दाढी, बटणं कशी आहेत? हाक मारली की मान लगेच वळते की उशिरा? समोर कुणी नसताना ओठ हलतात का, मान कलती करून काही ऐकल्यासारखं करतो का, कानात कापसाचे बोळे आहेत का? यातलं काहीच विचारावं लागत नाही, आणि फॉर्मॅटचा बराच भाग चहा संपेपर्यंत भरून होतो. उरलेला जेवणाच्या वेळी, कॅरमच्या टेबलाशी, गोळ्यांच्या राऊंडला थोडाथोडा मिळत जातो.

लिहिताना शिक्के मारू नकोस. ‘पेशंट सस्पिशियस आहे’ हे दोन सेकंदांत लिहून होतं आणि त्याचा कुणालाच उपयोग होत नाही. ‘चहाचा कप हातात धरून उभा राहिला, शेजारच्याचा अर्धा पिऊन झाल्यावर पहिला घोट घेतला’ असं लिहिलंस तर राऊंडला डॉक्टरांच्या हाती काहीतरी लागतं. काही आठवड्यांनी तोच मुलगा कप घेतल्याबरोबर प्यायला लागला, तर औषध लागू पडतंय हेही तुझ्या त्याच ओळीवरून कळतं.

मूड आणि अफेक्ट यांची गल्लत व्हायव्हाला सगळ्यांचीच होते. मूड म्हणजे पेशंट स्वतः सांगतो तो, त्याच्याच शब्दांत, अवतरण चिन्हात लिहायचा. अफेक्ट म्हणजे समोर बसून तुला दिसतो तो. आपल्याकडचा पेशंट ‘मी उदास आहे’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो डोकं जड झालंय, जिवाला चैन नाही, हातपाय गळाल्यासारखे वाटतात, काळजात कालवाकालव होते. ते तसंच उतरव. ‘लो मूड’ असं भाषांतर करून त्यातला जीव काढून घेऊ नकोस. आणि चेहरा कोरा दिसला म्हणून लगेच ‘फ्लॅट अफेक्ट’ लिहायच्या आधी त्याची चाल बघ. पावलं छोटी पडतायत, हात हलत नाहीत, बोटं थरथरतात, लाळ गळतेय, असं असेल तर तो कोरेपणा हॅलोपेरिडॉलसारख्या, भ्रम-भासांवर देतात त्या औषधाचाही असू शकतो. एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलतात, येरझाऱ्या चालल्यात, अशा पेशंटला ‘त्रास देतो’ म्हणून ओरडा खाताना मी पाहिलंय, आणि तो बिचारा औषधाच्या अकथिसियाने, म्हणजे औषधामुळे येणाऱ्या या अस्वस्थपणाने, हैराण झालेला असतो. आजार कुठला आणि औषध कुठलं हे ठरवणं डॉक्टरांचं काम. पण दिवसभर त्याला बघणारी तू असतेस, तू सांगितलं नाहीस तर त्यांना ते पाच मिनिटांच्या राऊंडमध्ये दिसेलच असं नाही.

आता तो मुलगा. तो तुझ्यावर रागावलाय असं धरून बसू नकोस. ज्याला वाटतं की आपल्यामागे लोक लागलेत, त्याला अनोळखी मुलगी हातात कागद घेऊन ‘आज तारीख काय’ विचारायला लागली, तर ती कुणाच्या वतीने विचारतेय असं त्याला वाटेल? त्याचं उत्तर त्याच्या बाजूने बघितलं तर तर्काला धरूनच होतं.

उद्या त्याच्याकडे जा आणि सरळ सांग: “काल मी एकामागून एक प्रश्न विचारले, ते तुम्हाला आवडलं नाही. आज काही विचारणार नाही. दहा मिनिटं इथे बसते. बोलावंसं वाटलं तर बोला, नाही तर नको.” मग खरोखरच दहा मिनिटं बस. अगदी समोरासमोर नको, जरा तिरकी बस, हात पोचणार नाही इतकं अंतर ठेव. दाराची वाट त्याचीही अडवू नकोस आणि स्वतःचीही नको. तो गप्प राहिला तर तूही गप्प राहा, हे सगळ्यात अवघड जातं. दहा मिनिटं झाली की “उद्या याच वेळी येते” म्हणून ऊठ, आणि उद्या त्याच वेळी जा. संशयी माणसाला गोड बोलण्याचा उलट संशय येतो. वेळ पाळणारं माणूस मात्र त्याला हळूहळू मोजता येतं. त्याच्या खांद्यावर थोपटायला जाऊ नकोस, त्या स्पर्शाचा तो काय अर्थ लावेल सांगता येत नाही. त्याच्या नजरेच्या टप्प्यात मैत्रिणींशी कुजबुजून हसू नका. वही लपवू नकोस. त्याने विचारलं काय लिहितेस, तर दाखव.

बोलायला लागला की तो पाण्याचं काढणारच. तेव्हा ‘हो ना, काय लोक असतात’ म्हणायचं नाही आणि ‘असं काही नसतं हो’ असंही नाही. मी साधारण असं म्हणते: “पाण्यात कुणी काही मिसळतं असं वाटत असेल तर घोट घ्यायचीसुद्धा भीती वाटत असणार. मला तसं काही दिसलेलं नाही. पण तुम्ही घाबरलायत हे मला दिसतंय. झोप लागते का रात्री?” यात खोटं काही नाही. त्याचं म्हणणं खरं मानलेलं नाही, त्याला खोटंही पाडलेलं नाही, आणि जे खरंच घडतंय ते, म्हणजे त्याची भीती, तिच्याशी आपण बोलायला लागलो. वाद घालून भ्रम जात नाही. पुरावा दिला तरी हलत नाही म्हणूनच तर त्याला भ्रम म्हणायचं. तू जितकं खोडशील तितके तो नवे पुरावे गोळा करेल, आणि त्या पुराव्यांत तुझंही नाव घालेल. उलट बाजूने, रोज खोदून खोदून ‘मग शेजारी काय करतात, कधी करतात’ असं विचारत बसलीस तर त्या कथेला तूच खतपाणी घालतेस.

एवढं मात्र विचारायलाच हवं. या भीतीमुळे तो काय करतोय? पाणी किती पितो, की पीतच नाही? जेवण टाकतो का? गोळ्या गालात धरून नंतर थुंकतो का? शेजाऱ्याचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का? हे कळलं की त्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरना सांग, फाइल पूर्ण होण्याची वाट बघू नकोस. पाणी त्याला स्वतःच्या हाताने नळावरून भरू दे. गोळी स्ट्रिपमधून त्याच्या डोळ्यांदेखत काढली जाईल असं बघ. घरचे कधीकधी कानात सांगतात, ‘सिस्टर, चहात घालून द्या, कळणार नाही.’ मुली, ज्याला वाटतं आपल्या पाण्यात काही मिसळतात, त्याच्या चहात आपण खरंच काही मिसळायचं? एकदा कळलं की त्याचा भ्रम आपणच खरा करून दाखवला, आणि मग कुणाच्याच हातचं औषध तो घेणार नाही.

याला भ्रम म्हणायच्या आधी आणखी एक चौकशी सोशल वर्करकडे कर. शेजाऱ्यांशी नळाच्या पाण्यावरून खरंच भांडण आहे का? आपल्या गावांत, चाळींत ते अशक्य नाही. तसंच करणी, भानामती, अंगात येणं. देवीच्या जत्रेत बाईच्या अंगात आलं आणि सगळ्या गावाने तिला हळदकुंकू वाहिलं, तर तेवढ्यावरून ‘भास’ लिहायचं नसतं. तिच्या घरातले, तिच्या समाजातले लोक या गोष्टीकडे कसे बघतात ते विचार. ‘हिचं नेहमीचं वेगळं, हे वेगळंच काहीतरी आहे, ही रात्र रात्र झोपत नाही’ असं घरचे म्हणाले की कान टवकार.

तारखेच्या प्रश्नाबद्दल थोडं. वॉर्डात कॅलेंडर नाही, पेपर येत नाही, आणि आपण वर्षानुवर्षं आत असलेल्या माणसाला तारीख विचारतो. तुला तरी सुट्टीत तारीख आठवते का? सकाळ की दुपार, पावसाळा की उन्हाळा, नुकता कुठला सण झाला, हे विचार. एखादी आजी ‘आज एकादशी, मला भगर हवी’ म्हणाली आणि खरंच एकादशी असली, तर तिचं ओरिएंटेशन तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं आहे. वजाबाकीचंही तसंच. शाळा पाहिली नाही त्याला शंभरातून सात सात कमी करायला लावणं म्हणजे त्याच्या लक्षाची नव्हे, शाळेची परीक्षा. म्हणून तर विसातून एक-एक, चाळिसातून तीन-तीन अशी सोपी पायरी आपल्याकडे वापरतात. वार उलटे म्हणायला सांगितले तरी चालतं, नाहीतर शंभराची नोट आणि भाजीचा हिशोब. अमूर्त विचार बघायला म्हणी आपल्याकडे चिक्कार आहेत. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणजे काय, असं विचारल्यावर कुणी ‘अंगण सारवून सरळ करायला पाहिजे’ म्हणालं तर ते उत्तर शब्दशः लिही. पण म्हण त्याच्या बोलीत, त्याच्या कानावरून गेलेली आहे का, हे आधी बघ. बिहारहून आलेल्या मजुराला मराठी म्हण घालून ‘काँक्रीट थिंकिंग’ (फक्त शब्दशः अर्थ घेणं) लिहिलेली फाइल मी तपासलेली आहे.

असं असलं तरी ओरिएंटेशन हा नुसती औपचारिकता म्हणून विचारायचा प्रश्न समजू नकोस. काल संध्याकाळी नीट बोलणारा माणूस आज सकाळी आपण कुठे आहोत हे सांगू शकत नाही, दुपारी जरा शुद्धीवर येतो, रात्री परत भिंतीवर किडे दिसतात म्हणून झटकतो, हा बहुतेक वेळा मनाचा नव्हे, शरीराचा आजार असतो. ताप, साखर, सोडियम, डोक्याला मार, औषध जास्त झालेलं, काहीही. रोज दारू पिणारा माणूस भरती झाला आणि दारू सुटून दोन-चार दिवस झाले की थरथर, घाम आणि असे भास सुरू होतात, ते जिवावर बेततं. अशा वेळी एमएसई वगैरे राहू दे. टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, साखर बघ आणि डॉक्टरांना बोलाव.

तू लिहिलं नाहीस, पण तुला विचारायची भीती वाटत असणार असा एक प्रश्न आहे: मरणाचा. ‘असलं विचारलं तर डोक्यात नसलेलं डोक्यात येईल’ ही समजूत अगदी जाणत्या सिस्टरांचीही असते. तसं होत नाही. विचारल्याने बहुतेकांना हलकं वाटतं. ‘जगणं नकोसं वाटतं का?’ पासून सुरुवात कर, मग ‘स्वतःला संपवावं असं येतं का मनात?’, मग ‘कसं करायचं हेही ठरवलं होतं का?’ शब्द चघळू नकोस, नजर चुकवू नकोस. ‘सिस्टर, हे कुणाला सांगू नका’ असं कुणी म्हटलं तर शपथ घेऊ नकोस. “तुमच्या जिवाची काळजी असेल ते मला डॉक्टरांना सांगावंच लागेल, पण वॉर्डभर होणार नाही,” असं सांग. आणि दिवसेंदिवस खचलेला माणूस एका सकाळी अचानक शांत, हसरा झाला, आपल्या वस्तू वाटायला लागला, तर ‘बरं वाटतंय’ असं लिहून मोकळी होऊ नकोस, त्याने मनात मरणाचं पक्कं केलेलं असू शकतं. कायद्याचंही माहीत असू दे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच, उलट सिद्ध होत नाही तोवर, गृहीत धरायचं असतं. तिला बोल लावायचा हक्क आपल्याला तेव्हाही नव्हता, आता तर नाहीच.

आता मावशी. नंबर देऊ नकोस. तू निष्ठुर व्हावंस म्हणून सांगत नाही. दोन महिन्यांनी तू मेडिसिन वॉर्डात नाइट करत असशील, फोन वाजेल आणि तू उचलणार नाहीस. मग मावशींच्या खात्यात आणखी एक न उचललेला फोन जमा होईल. हिल्डगार्ड पेपलाउ या अमेरिकन नर्सने १९५२ मध्ये नर्स आणि पेशंटच्या नात्याचे टप्पे मांडले, त्यात नातं संपवणं हा स्वतंत्र टप्पा धरला. तुमच्या पुस्तकात ‘टर्मिनेशन फेज’ म्हणून जे दीड पान आहे ते तिथूनच आलंय. आपण तो टप्पा शेवटच्या दिवशी केक कापून उरकतो. खरं तर त्याची सुरुवात पहिल्याच दिवशी व्हायला हवी: “मी अमुक तारखेपर्यंत, रोज सकाळी असते.” ते राहिलं असेल तर उद्याच सांग. मग रोज एकदा आठवण कर, आता पाच दिवस राहिले, आता तीन. मावशी रुसतील, बोलणार नाहीत, कदाचित ‘जा, तू पण जा’ म्हणतील. वेणी घालत राहा आणि ऐकून घे. ‘मी परत येईन हं’ असं सुटकेसाठी म्हणू नकोस, यायचं नक्की नसेल तर.

त्यांच्या ‘लेक’ म्हणण्यात वाईट काही नाही. “मी तुमची सिस्टर आहे, पण तुम्ही लेक म्हणता तेव्हा घरच्या कुणाची आठवण येते का?” असं विचारून बघ. कदाचित त्यांना खरंच लेक असेल आणि ते केस पेपरवर कुणीच लिहिलेलं नसेल. दुसरं, तुझ्या मनातही डोकावून बघ. त्या वॉर्डात तू याच मावशींकडे जास्त वेळ का बसतेस? त्या प्रेमळ आहेत म्हणून, की त्यांच्यापाशी तुला चांगलं वाटतं म्हणून, की पलीकडच्या खाटेवरची बाई शिव्या देते म्हणून? उत्तर मला कळवायची गरज नाही.

भावाबद्दल ‘येईल हं दिवाळीला’ म्हणू नकोस, तुला ते माहीत नाही. ‘वाट बघून बघून थकायला होत असेल’ एवढं म्हटलंस तर पुरे. पण तेवढ्यावर थांबू नकोस, कारण इथे सहानुभूतीपेक्षा जास्त काही करता येतं. त्याच कायद्याने पेशंटला फोन आणि पत्रव्यवहाराचा हक्क दिलाय (कलम २६), आणि घरचे न्यायला तयार नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणासाठी कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही असंही म्हटलंय (कलम १९). प्रत्यक्षात काय चालतं ते तू बघतेयसच, हाफ-वे होम (रुग्णालयातून सुटल्यावर घरी जाईपर्यंत राहायची सोय) मोजकी आहेत आणि जुन्या पेशंटची यादी मोठी. तरी इन्चार्ज सिस्टरना आणि सोशल वर्करना विचार: मावशींचा पत्ता शेवटचा कधी तपासला? भावाला फोन कुणी, कधी लावला? रिव्ह्यू बोर्डापुढे (याच कायद्याखालचं, पेशंटच्या हक्कांच्या तक्रारी बघणारं मंडळ) त्यांचं नाव गेलंय का? मावशींना तुझ्या नंबरपेक्षा वॉर्डातून लागणाऱ्या त्या फोनचा उपयोग आहे. तू गेल्यावर त्यांनी कुणाकडे बोलायचं, तेही ठरवून दे. रोजच्या ड्यूटीतल्या एखाद्या सिस्टरला मावशींसमोर नेऊन ओळख करून दे आणि हँडओव्हरच्या वहीत लिही: वेणी घातली की बोलतात, संध्याकाळी चारच्या सुमाराला जास्त अस्वस्थ होतात, भावाचा विषय निघाला की जेवत नाहीत, असं जे काही तुला दिसलं असेल ते.

प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये (पेशंटशी झालेला संवाद जसाच्या तसा लिहायचा तो भाग) या मुलाचं ‘तू पण त्यांच्यातलीच’ हे वाक्य घाल. पुष्कळ मुली असला भाग गाळून सुरळीत संवाद रचतात, आणि तपासणाऱ्याला ते दुसऱ्याच ओळीला कळतं. त्याने काय म्हटलं, तू काय म्हणालीस, त्या क्षणी तुला काय वाटलं, आता काय वेगळं म्हणशील, एवढं खरं खरं लिहिलंस तर दोन पानं पुरतात. फाइलवर पेशंटचं नाव घालू नकोस, गावही नको. आणि शेवटच्या दिवशी युनिफॉर्ममध्ये फोटो काढाल तेव्हा मागे एकही पेशंट दिसत नाही ना, हे स्टेटसला टाकायच्या आधी तपास.

— तुझी ताई